आधी मागून, मग पुढून

डॉक्टर पूजाताईंच्या खोलीबाहेर एक लाकडी बाक आहे. मानेला पट्टा लावलेले, कमरेला पट्टा लावलेले, हात गळ्यात अडकवलेले असे आम्ही सगळे त्यावर बसतो आणि शेजारच्याचं दुखणं आपल्यापेक्षा मोठं आहे का, याचा अंदाज घेतो. निदान मी तरी घेतो. पूजाताई आम्हाला शेक देतात, व्यायाम शिकवतात. मागच्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "सर, तुम्ही शिक्षक आहात. बाहेर बसणाऱ्यांसाठी दोन पानं लिहून द्या ना. नवीन माणूस फार घाबरलेला असतो."

मी लिहिली दोन पानं. उशी पातळ घ्यावी, मोबाईल डोळ्यांसमोर धरावा, पट्टा जन्मभर लावायचा नसतो, मुंग्या येणं हळूहळू कमी होतं. सगळं बरोबर होतं. पण वाचून पाहिलं तेव्हा वाटलं, हे तर त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यातही आहे. माझं खरं दुखणं त्यात कुठंच नव्हतं. मी कमी बोलणारा माणूस आहे. बायको म्हणते, तुमच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आडातून घागर काढायची. तर आज घागर काढतो.

शनिवारची शाळा

मी बावन्न वर्षांचा आहे. राहतो कोपरगावात, शाळा राहात्याच्या पुढच्या एका गावात. नऊ वर्षं मी औताडे सरांच्या गाडीतून शाळेत जात होतो. औताडे माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. गाडी त्यांची, चालवणारे तेच. पुढच्या सीटवर मी, कारण वयानं मोठा. मागे आमच्याच शाळेतल्या कदम मॅडम. त्या शनिवारी मॅडम रजेवर होत्या.

शनिवारी आमची शाळा सकाळची असते. एरवी ऊन पडल्यावर निघणारे आम्ही त्या दिवशी अंधुक उजेडातच रस्त्याला लागतो. थंडीचे दिवस, कारखान्यांचा हंगाम, नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आणि धुकं असं की गाडीचं स्वतःचं बॉनेट दिसेना. वाटेतल्या टपरीवर चहा घेऊन आम्ही निघालो. औताडे नेहमीसारखे मुलांची नक्कल करत होते. मी ऐकत होतो.

पुढे एका ट्रॉलीचं चाक निखळून ती रस्त्यातच बसली होती. मागच्यांना कळावं म्हणून कुणीतरी बाभळीची फांदी आडवी टाकली होती. ती धुक्यात कुणाला दिसणार? ट्रॉलीमागे दुधाचा टेम्पो कसाबसा थांबला होता. तो आम्हाला एकदम समोर दिसला. औताडेंनी ब्रेक दाबला. गाडी घसरत गेली आणि थांबली.

थांबली. टेम्पोपासून हातभर अंतरावर. टेम्पोच्या मागच्या फळीवर खडूनं कॅनचा आकडा लिहिला होता, अडतीस. तो मी वाचला. आठाचं वरचं टोक अर्धवट पुसलेलं होतं, तेसुद्धा मी पाहिलं. औताडेंनी माझ्याकडे वळून हसत म्हटलं, "वाचलो बघा, सर."

मग मागून पिकअप आदळली. माझं डोकं मागे गेलं आणि आमची गाडी पुढच्या टेम्पोत घुसली. त्यानंतर पिकअपवर आणखी एक गाडी आदळली, पण ते मी फक्त ऐकलं. काचेचा आवाज, मग उसाच्या रसाचा गोड वास, मग औताडेंचं कण्हणं.

आधी मागून, मग पुढून. एवढाच क्रम होता. तो सांगायला मला सहा महिने लागले.

सोबतीला कोण?

आम्हाला दोघांना एकाच दवाखान्यात, एकाच खोलीत ठेवलं. दोन खाटा, मधे एक लोखंडी कपाट. औताडेंचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला होता. सळई घातली, वर प्लॅस्टर. डोकं दारावर आपटल्यामुळं त्यांना टपरीवरच्या चहानंतरचं काहीच आठवत नव्हतं. माझा एक्स-रे काढला. डॉक्टर तो उजेडाकडे धरून म्हणाले, "हाडं एकदम छान आहेत. मुका मार आहे." बायको देवाला हात जोडून म्हणाली, "सुटलो."

मला मात्र मान उशीवर टेकवता येत नव्हती. डाव्या हाताच्या बोटांत मुंग्या, डोळ्यांमागे ठणका. रात्रभर मी पलंगाला पाठ लावून बसून राहायचो. आणि शेजारी औताडे इंजेक्शन घेऊन घोरायचे.

सकाळी अकरा ते एक लोक भेटायला येत. शाळेच्या गावातून जीप भरून लोक आले. कुणी घरचं तूप आणलं, कुणी डाळिंबं, कुणी शहाळी. सगळे औताडेंच्या खाटेभोवती. जागा कमी पडली की माझ्या खाटेवर बसत, माझ्याकडे पाठ करून. शहाळी माझ्या बाजूला ठेवत, पण ती माझी नसत. मी ती मोजत असे. लाज वाटते सांगायला, पण मोजत असे.

तिसऱ्या दिवशी गावातले बाबूराव आले. म्हातारा माणूस, त्यांचे तीन नातू आमच्या शाळेत. त्यांनी औताडेंच्या प्लॅस्टरवरून हात फिरवला, डोळे पुसले, मग माझ्याकडे पाहून मोठ्या प्रेमानं म्हणाले, "मुळे सर, तुमी बरं सोबतीला ऱ्हायलात. लई मोठं मन हाय तुमचं."

औताडे म्हणाले, "अहो बाबूराव, सर पण गाडीत होते."

"व्हय का? मंग लागलं न्हाई वाटतं. द्येव पावला."

माझ्या मानेला पट्टा होता. म्हाताऱ्याला तो मफलर वाटला असावा. सगळे हसले, औताडेही हसले, मग पाय दुखला म्हणून थांबले. मीही हसलो. त्या हसण्यानं माझी मान जेवढी दुखली, तेवढी पिकअपनंही दुखवली नसेल.

न दिसणारं

घरी आल्यावर कळलं की न दिसणाऱ्या दुखण्याला घरात जागा नसते. पाय मोडलेल्या माणसाला कुणी सिलिंडर उचलायला सांगत नाही. मला सांगत. मी वाकलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. सांगितलं की सुनंदा, माझी बायको, म्हणायची, "अहो, एक्स-रे चांगला आहे ना?" ती वाईट नाही. घाबरलेलीही होती. पण डॉक्टरांनी छान म्हटलेल्या हाडांवर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

चहाचा शेवटचा घोट मला घेता यायचा नाही, कारण त्यासाठी डोकं मागे न्यावं लागतं. कपात तेवढा चहा राहायचा. सुनंदा एकदा म्हणाली, "हल्ली उष्टं टाकायला लागलात." फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येईनात, म्हणून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहायचो आणि मागच्या बाकावरची मुलं उभी राहून वाचायची. शेजारचे मला पाहून म्हणाले, "काय मुळे सर, वहिनींनी पट्टा बांधला का अखेर?" सुनंदा दारातच होती. तीही हसली.

सव्वीस जानेवारीला मी झेंड्याकडे वर पाहू शकलो नाही. सगळ्यांच्या माना वर, माझी समोर. समोर औताडे होते. गावकऱ्यांनी त्यांना मुद्दाम जीपमधून आणलं होतं. एका खुर्चीवर ते, दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा पाय. प्लॅस्टरवर मुलांनी पेनानं नावं लिहिली होती, फुलं काढली होती. माझ्या वर्गातल्या मुलांचीही नावं त्यावर होती. त्यांतल्या एकाचं अक्षर मी वळवून दिलं होतं, दोन वर्षं हात धरून. ते अक्षर मला लांबूनही ओळखू आलं.

आता इथं थांबून खरं सांगायला हवं. हेवा अपघातानंतर सुरू झाला नव्हता. औताडे वर्गात शिरले की मुलं उड्या मारतात, मी शिरलो की वह्या काढतात. त्यांच्या बदलीची नुसती बातमी आली तेव्हा गाव तालुक्याला गेलं होतं. माझी बदली झाली तर निरोपाचा नारळ कोण आणणार, यावर मी कधीकधी मनाशी विचार केला आहे. नऊ वर्षं त्या माणसानं मला दारातून नेलं आणि दारात सोडलं. पावसात छत्री उघडून माझ्या बाजूला आला. आणि मी पुढच्या सीटवर बसून नऊ वर्षं मनात म्हणत राहिलो, याला सगळं कसं सोपं जातं. अपघातात तरी आम्ही सारखे होऊ, असं वाटलं असावं. तिथंही सगळ्यांना दिसणारं दुखणं त्यांनाच मिळालं.

एक शब्द

प्रजासत्ताक दिनानंतर आठवडाभरानं पिकअपच्या विमा कंपनीचा तपासनीस घरी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, बोलणं अतिशय नम्र. सुनंदा घरात नव्हती. औताडेंच्या बायकोला, मंगलताईंना मदत करायला गेली होती, शिऱ्याचा डबा घेऊन. तासाभरापूर्वीच आमच्या शाळेची मुलं टेम्पोतून औताडेंना भेटायला गेली होती. त्यांचा टेम्पो आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेला. मी खिडकीत उभा होतो. पट्ट्यामुळं मान वळवता येईना, म्हणून अख्खा वळलो, तोवर टेम्पो गेला होता. त्यांचं गाणं तेवढं ऐकू आलं.

अशा वेळी तो आला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "सर, तुम्हाला कुठं कुठं दुखतं?" सहा आठवड्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेलो. तो लिहीत गेला. मुंग्या कोणत्या बोटांत? झोप किती वेळ लागते? मला बरं वाटू लागलं. मग त्यानं त्याच आवाजात विचारलं, "धडक आधी पुढून बसली की आधी मागून?"

त्याचा अर्थ मला लगेच कळला. मागच्यानं आधी ठोकलं असेल तर चूक मागच्याची, आणि औताडेंच्या पायाची भरपाई त्याच्या कंपनीनं द्यायची. औताडेंनी आधी पुढच्याला ठोकलं असेल तर चूक त्यांची, मग त्यांना मागच्याकडे हात पसरता येणार नाही. माझं काही बिघडणार नव्हतं. मी गाडीत बसलेला. चूक कुणाचीही असो, मला मिळायचं ते मिळणारच होतं. औताडेंना काही आठवत नव्हतं. टेम्पोवाल्याला धुक्यात एकच दणका कळला होता. पिकअपवाला सांगत होता की पुढची गाडी आधीच धडकलेली होती. उरलो मी.

मी म्हणालो, "नीट आठवत नाही. बहुतेक आधी पुढून."

त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "आमची गाडी आधी पुढच्या टेम्पोवर धडकली, त्यानंतर मागून धक्का बसला."

'बहुतेक' गळाला होता. तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत गळालेले शब्द लाल पेनानं भरतो. तो शब्द गळालेला मला तत्क्षणी ऐकू आला. त्याचं पेन घेतलं आणि खाली सही केली. सही नेहमीपेक्षा सुबक आली.

इथं वाचणाऱ्यांना एक सांगतो. अपघात झाला की त्याच दिवशी, हात चालत असेल तर, जे आठवतं ते कागदावर लिहून काढा. नंतर माणसं विचारायला येतात तेव्हा आपण दुखण्यात असतो, आणि दुखण्यात माणूस चांगला असतोच असं नाही.

मी त्यांना माफ केलं

प्लॅस्टर निघाल्यावर औताडे वॉकर घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडले ते थेट माझ्याकडे आले. आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. त्या चढायला त्यांना किती वेळ लागला ते मी आतून ऐकत होतो, वॉकरचा एकेक आवाज. आत येऊन ते खुर्चीवर बसले, घाम पुसला.

"सर, कंपनीचं पत्र आलं. दावा फेटाळला. आधी मीच ठोकलं म्हणे."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"पैशाचं जाऊ द्या. दुसरं ऑपरेशन आहे, बिनपगारी रजा आहे, मंगल बघेल काय ते. पण मी अंतर ठेवायला हवं होतं. धुकं दिसत होतं. माझ्याच बडबडीत माझं लक्ष नसणार. माझ्यामुळं तुमची मान गेली, सर. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, पण मला कळतं ना."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या मानेला लागलं आहे असं मानणारा जगातला हा एकमेव माणूस, आणि तो माझी माफी मागत होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या हो, औताडे. चुका होतात."

या साऱ्यात सगळ्यात वाईट मी काय केलं असेल तर हे. सही एका दुपारच्या रागात झाली म्हणता येईल. पण न केलेल्या चुकीची मी त्या माणसाला माफी दिली, आणि देताना मला मोठं वाटलं. ते गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं, बाहेर थांबलेल्या मंगलताई त्यांना रिक्षात बसवत होत्या. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी दुरुस्त झालेली गाडी विकून टाकली. म्हणाले, पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही.

हेवा तेव्हा तरी शमायला हवा होता. नाही शमला. गाव म्हणू लागलं, बघा, औताडे सरांनी किती मनाला लावून घेतलं, केवढा साधा माणूस. दोष लागूनही ते माझ्यापेक्षा चांगलेच ठरले.

भिंतीकडे तोंड

पूजाताईंकडे मला उशिराच पाठवलं गेलं. चार महिने मी गोळ्यांवर काढले होते. हे माझ्या बाकावरच्या मित्रांनी करू नये. औताडेंचा गुडघा वाकेना, म्हणून तेही तिथंच येऊ लागले. वेळही एकच. एका पलंगावर ते गुडघा वाकवत ओरडायचे, "ताई, हा गुडघा माझा आहे, शाळेचा नाही, जरा जपून." सगळी खोली हसायची. दुसऱ्या पलंगावर मी भिंतीकडे तोंड करून पडलेला. पूजाताईंचा हात माझ्या मानेवर असला तरी त्या हसत त्यांच्याकडे पाहून. हे मला भिंतीकडे तोंड असूनही कळायचं.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, एक दिवस त्या माझी मान चाचपत सहज म्हणाल्या, "मुळे सर, तुम्हाला मागून धडक बसली होती ना? पहिल्याच दिवशी कळलं मला. डोकं आधी झटक्यात मागे गेलंय. तुम्ही सरळ पुढं आदळला असता तर त्रास वेगळा असता."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं दुखणं असल्याची पावती दिली होती. सहा महिने मी ज्याची वाट पाहत होतो ते वाक्य हेच. आणि ते औताडेंच्या समोर आलं.

त्यांचं कण्हणं थांबलं. "ताई, मागून नंतर बसली. आधी पुढून. हो ना, सर?"

भिंतीवर एक पोपडा निघालेला होता, आंब्याच्या कोयीएवढा. मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

"हो ना, सर?"

"मान सोडा ताई," मी म्हणालो. "आज बास."

गवार

घरी येऊन सुनंदाला सांगितलं. सगळं. खडूचा आकडा, 'वाचलो बघा', तपासनीस, सही. ती कणीक मळत होती. मळायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "तुम्हाला भाऊजींचा हेवा वाटतो हे मला लग्नाच्या बायकोला कळणार नाही का? तो कागदावर उतरलाय हे माहीत नव्हतं." मग थोड्या वेळानं, "मी त्या दिवशी शिरा घेऊन तिकडं गेले नसते तर?"

"तुझा काय संबंध?"

"तुमची मान खरंच एवढी दुखत होती?"

"हो."

तिनं हात धुतले, आत गेली, माझी चप्पल आणून समोर ठेवली. "आत्ता जा."

औताडे ओट्यावर बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. पाय स्टुलावर. मला पाहून त्यांनी परातीतला एक वाटा माझ्यापुढं सरकवला. मी शेंगा मोडत सांगितलं. खाली पाहून सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, पण खाली पाहिलं की माझी मान दुखते. त्यामुळं त्यांच्या तोंडाकडे पाहूनच सांगावं लागलं.

सगळं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मी काय म्हणालो होतो?"

"वाचलो बघा, सर."

"गाडी उभी होती?"

"उभी होती. हातभर अंतर होतं."

"आणि मी हसलो?"

"हो."

त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "मंगल." आवाज फाटला, म्हणून पुन्हा मारली. "मंगल, इकडं ये. मी थांबवली होती गाडी. ऐकलंस का? मी थांबवली होती."

मंगलताई दारात आल्या. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्यापुढच्या शेंगा उचलल्या आणि आत नेल्या. चहा विचारला नाही. त्या घरात चहा न घेता मी पहिल्यांदाच निघालो. औताडेंनी मला थांबवलं नाही, शिवीही दिली नाही. दिली असती तर मला जरा सोपं गेलं असतं.

का?

औताडेंनी कोर्टात दावा लावला. दीड वर्षानं मी साक्षीला उभा राहिलो. मला माझ्या पहिल्या सहीचा कागद दाखवला गेला. सही सुबकच होती.

कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "मान दुखते म्हणता, एक्स-रे तर नॉर्मल आहे."

"आहे."

"तुम्ही आणि वादी रोज एकत्र जाणारे मित्र. ठरवून आलात, असं म्हटलं तर?"

"आता आम्ही एकत्र जात नाही."

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"का?"

एवढंच. का. मागच्या बाकावर औताडे बसले होते. मला वळून पाहता येत नव्हतं, तेवढं मानेनं मला वाचवलं. मी म्हणालो, "मला त्यांचा हेवा वाटत होता."

टाईप करणाऱ्या बाईंचे हात थांबले. त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि अगदी रोजच्या आवाजात सांगितलं, "साक्षीदार म्हणतो, मला वादीचा हेवा वाटत होता, म्हणून मी खोटं सांगितलं. घ्या." बाईंनी ते टाईप केलं. मला वाचायला दिलं. एकही शब्द गळाला नव्हता. मी सही केली.

वकिलांनी माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. एकदा शब्द फिरवलेल्या माणसाच्या दुसऱ्या शब्दाचं वजन अर्धं होतं. पूजाताईंनी मानेबद्दल लेखी दिलं, त्याचा आधार झाला. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. औताडेंना मिळायला हवं होतं त्याच्या जेमतेम निम्मं मिळालं. उरलेलं निम्मं माझ्या सहीनं खाल्लं. तडजोडीच्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि आकडा सांगितला. फोन मात्र ठेवला नाही. बराच वेळ आम्ही दोघं फोन कानाला लावून होतो.

मागची सीट

यंदा थंडी सुरू झाली त्या आठवड्यात सकाळी दारात हॉर्न वाजला. हॉर्न ऐकला की अजून माझे खांदे वर जातात. बाहेर औताडे एका जुन्या, पण धुऊन पुसून आणलेल्या गाडीत. उजवा पाय किंचित आखूड झाला आहे, म्हणून सीट पुढे ओढलेली. स्टिअरिंगवर दोन्ही हात. मी सवयीनं पुढच्या दाराकडे गेलो.

"मागं बसा, सर," ते म्हणाले. रागानं नाही. फळ्यावरचं काहीतरी दाखवावं तसं.

पुढं कदम मॅडम बसल्या होत्या. मी मागे बसलो. आता रोज तिथंच बसतो.

माझी मान साठ टक्के बरी आहे, असं पूजाताई म्हणतात. चहाचा शेवटचा घोट घेता येतो. झेंडा अर्ध्या काठीपर्यंत दिसतो. बाकावरच्या मंडळींना सांगायचं तर एवढंच की दुखणं कमी होतं, आणि ज्याचं दुखणं दिसत नाही त्याला "कुठं दुखतं?" असं एकदा विचारा. हेव्याचं मात्र मला सांगता येत नाही. औताडे नक्कल करतात, मॅडम हसतात, अर्धे शब्द मागे ऐकू येत नाहीत, आणि मला कदम मॅडमचा हेवा वाटतो. पुढच्या सीटचा. नऊ वर्षं मला फुकट मिळालेल्या त्या जागेचा.

ती ट्रॉली जिथं बसली होती तिथं आता काही खूण नाही. पण ते ठिकाण आलं की औताडे बोलायचे थांबतात आणि वेग कमी करतात. आधी आरशात बघतात, मागे कोण आहे ते. आरशात त्यांना मागचा रस्ता दिसतो आणि मीही दिसतो. क्षणभर बघतात. मग पुढे बघतात. त्या वेळी मी मान वळवत नाही.